दहा वाजताची बाटली

"एका पाळीत चोवीस हजार बाटल्या भरतो मी," सुपरवायझर म्हणाला, "आणि तू मला एका बाटलीचं शिकवतेस?"

"तुझ्या कारखान्यातल्या बाटल्यांना कोणी ढेकर काढायला लावत नाही," बायको पायांत चपला सरकवत म्हणाली. "दहाची बाटली दहालाच. पाणी आधी, पावडर नंतर. पाच चमचे, सपाट. दाबून भरायचे नाहीत आणि वर शीगही नको."

"तीस वेळा सांगून झालंय."

"एकतिसाव्यांदा ऐक. आणि हे बघ, साहेबांनी सहा महिने माझी खुर्ची राखून ठेवली. आज पहिल्याच दिवशी मला अर्ध्यातून धावत यावं लागलं ना, तर मी पुन्हा जायचं नाव काढणार नाही. राजीनामा देऊन मोकळी होईन."

ती हे चिडून बोलली असती तर त्याने हसण्यावारी नेले असते. पण ती अगदी शांतपणे बोलली, म्हणजे खरेच तसे करणार. लग्नाआधीपासून ती एका कचेरीत घरांचे नकाशे काढायची. गेले सहा महिने ती स्वतःच्याच घराच्या भिंतींकडे मापे घेतल्यासारखी बघत बसलेली त्याने पाहिली होती. तिने परत कामावर जावे असे तिच्याइतकेच त्यालाही वाटत होते, फक्त तसे बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती. "निर्धास्त जा," एवढेच तो म्हणाला. तिने गुंडीच्या गालाला बोट लावले, जिना उतरली, आणि एकदाही मागे वळून बघितले नाही. त्याला जरा आश्चर्यच वाटले.

गुंडी म्हणजे त्यांची सहा महिन्यांची मुलगी. तिच्या जेवणाचा तक्ता बायकोने स्वतःच्या हाताने आखून स्वयंपाकघरात लावला होता: सहा, दहा, दोन, सहा. आठवडाभर सुपरवायझरला दुपारची पाळी होती, म्हणजे सकाळ त्याची आणि दुपार बाबांची. बाबा, म्हणजे त्याचे वडील, निवृत्त ग्रंथपाल. पस्तीस वर्षे लोकांना गप्प बसवता बसवता त्यांचा स्वतःचाच आवाज गेला होता. घरात ते आहेत की नाहीत हे कळायला दिवाणखान्यात डोकवावे लागे.

सरबताच्या कारखान्यात बाटल्या भरण्याचा सबंध विभाग सुपरवायझरच्या हाताखाली होता, आणि ही शिस्त घरी आणायची असे त्याने ठरवूनच टाकले होते. ओट्यावर डावीकडून उजवीकडे त्याने सगळे ओळीने मांडले. आधी उकळून उपड्या ठेवलेल्या सहा बाटल्या, मग उकळलेल्या पाण्याचा थर्मास, मग साडेआठला स्वतः उघडलेला पावडरचा नवा डबा, शेवटी निपल आणि झाकणे. गरम बाटल्या धरायला चिमटा हवा, म्हणून डबा उघडल्या उघडल्या तो कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊनही आला होता. जाण्याआधीच डबा त्याने बायकोच्या केकसाठीच्या वजनकाट्यावर तोलला होता. पावडर चारशे ग्रॅम, एका चमच्यात साडेचार, एका बाटलीला साडेबावीस. वहीत नोंद केली, तारीख घातली, खाली सही केली.

"बाबा, या ओट्याला कोणीही हात लावायचा नाही," त्याने बजावले. "लाइनवर बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

साडेनऊला त्याने आंघोळ उरकली, नखे कापली, केस टोपीत कोंबले. बरोबर दहाला पाच मिनिटे कमी असताना बाटली तयार होती. पाणी मोजून, पाच चमचे सुरीच्या पात्याने सपाट करून, झाकण लावून, हलवून, मनगटावर थेंब टाकून. सगळे मिळून दोन मिनिटे दहा सेकंद लागले. त्याने वेळही लिहून ठेवली. मग गुंडीला मांडीवर घेतले आणि निपल तिच्या ओठांना लावले.

गुंडीने ओठ घट्ट मिटले आणि ती गोड हसली.

त्याने पुन्हा लावले. तिने मान फिरवली. त्याने या बाजूने लावले, तिने त्या बाजूला फिरवली. "बाबा, ही पीत नाहीये," तो म्हणाला. बाबांनी वर्तमानपत्राच्या कडेवरून बघितले आणि ते पुन्हा त्याच्या आड गेले.

दूध गार झाले असणार, दुसरे काय. कारखान्याचा नियम साधा होता: मालावर शंका आली की माल बाद. पहिली बाटली त्याने बेसिनमध्ये ओतली आणि दुसरी केली, जरा जास्त कोमट. गुंडीने ती हातानेच ढकलली. मग निपलचे भोक बारीक असणार. सुईने तपासले, बारीक नव्हते, तरी निपल बदलले, बाटलीही बदलली, तिसरे दूध केले. या खेपेला गुंडीने निपल तोंडात घेतले, दोनदा चघळले, त्याच्याकडे बघितले, आणि त्याच्या नव्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत भडाभडा ओकली.

सुपरवायझर जागच्या जागी थिजला. शर्टाचे त्याला काही नव्हते. ज्या पोटात पहाटे सहानंतर थेंब गेला नाही, त्या पोटातून हे एवढे दूध आले कुठून? त्याने गुंडीला बाबांच्या मांडीवर दिले आणि डॉक्टरांना फोन लावला.

"दहाचं दूध घेत नाहीये, डॉक्टर. तीन बाटल्या झाल्या."

"ताप?"

"नाही."

"लंगोट ओला होतोय? रडतेय?"

"लंगोट दोनदा बदलला. आणि हसतेय."

"मग तिला भूक नसेल."

"डॉक्टर, दहा वाजून गेले."

"तिला घड्याळ कळतं का?" डॉक्टर म्हणाले.

"पण ती ओकली. पोटात नसलेलं दूध ओकली."

"नसलेलं दूध कोणी ओकत नाही," डॉक्टर म्हणाले. "पोट भरलेलं असेल तर दोन तास काही देऊ नका. सुस्त वाटली, ताप आला, परत ओकली, तर उचलून घेऊन या. आणि घरात दुसरं कोणी असेल तर त्यांना विचारा जरा."

"माझे वडील आहेत. पण त्यांना काय माहीत असणार? त्यांना मी ओट्याजवळ फिरकू दिलेलं नाही."

त्याने फोन ठेवला आणि वळून बघितले तर बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी जरा गॅलरीत उभा राहतो," ते पुटपुटले, नातीला त्याच्या हातात देऊन बाहेर गेले, आणि गॅलरीचे दार ओढून घेतले. बाबांना एवढी धास्ती बसलेली बघून सुपरवायझरचे उरलेसुरले अवसानही गळाले. बायकोला फोन करावा का? केला तर ती धावत येणार, आणि आली की राजीनामा. नाही केला आणि पोरीला काही झाले तर? दोनदा त्याने फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला.

शेवटी त्याने कारखान्यात असताना केले असते तेच केले. लाइन बंद, आधी मालाचा हिशोब. गुंडीला पाळण्यात ठेवून त्याने डबा काट्यावर चढवला. तीन बाटल्यांचे पंधरा चमचे, म्हणजे साडेसदुसष्ट ग्रॅम. डब्यात तीनशे बत्तीस हवेत. डब्याचे वजन वजा करून काटा दाखवत होता दोनशे सत्त्याऐंशी.

त्याने डबा उतरवला, काटा शून्यावर आणला, पुन्हा चढवला. दोनशे सत्त्याऐंशी. पंचेचाळीस ग्रॅम गायब. दहा चमचे. साडेआठपासून आतापर्यंत, त्याच्या नाकाखालून, त्याच्या लाइनवरून. सतरा वर्षांच्या नोकरीत त्याच्या विभागात झाकणसुद्धा कधी कमी पडले नव्हते. तो मटकन स्टुलावर बसला.

तेवढ्यात घंटी वाजली. दारात बायको उभी होती, घामाघूम झालेली, कानावर नकाशे काढायची पेन्सिल नाही, खांद्यावर पर्स नाही.

"काय झालं तिला?" तिने चपला न काढताच पाळणा गाठला. गुंडी पायाचा अंगठा तोंडात घालून मजेत पडली होती. "बाबांचा फोन आला. म्हणाले, जमलं तर ये. बाबांनी आजवर मला फोन केला नाही कधी. माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली."

बाबा गॅलरीच्या दारात उभे होते, खाली मान घालून.

तिने यायचे नव्हते आणि ती आली होती. पहिल्याच दिवशी, दुपारच्या आत. "तीन बाटल्या केल्या, एकही प्यायली नाही," तो म्हणाला. "ओकली मात्र. आणि डब्यातून दहा चमचे पावडर गेलीय. कुठे गेली ते मला माहीत नाही. माझं चुकलं असेल काहीतरी."

"तुझं नाही," बाबा म्हणाले.

"मग?"

"पाच चमचे माझे." बाबांचा आवाज ऐकायला दोघांना पुढे वाकावे लागले. "तू आंघोळीला गेलास आणि ही चुळबुळ करायला लागली. म्हटलं, बिचारी किती वेळ थांबेल. कपाटातली जुनी बाटली उकळून घेतली. तक्त्यात लिहिलंय तसंच केलं, पाच चमचे, सपाट. सगळं प्यायली. मग तुझं ते दहाचं सुरू झालं आणि सांगायची हिंमतच होईना. ओकली तेव्हा वाटलं, माझ्याच हातून काहीतरी बाधलं तिला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणून हिला फोन केला."

"अहो बाबा," सुपरवायझर म्हणाला, "मला सांगायचं ना."

"लाइनवर प्रवेश नव्हता," बाबा म्हणाले.

सुपरवायझरचा जीव भांड्यात पडला खरा, पण अर्धाच. हिशोब त्याला स्वस्थ बसू देईना. "बाबांचे पाच. पण गेलेत दहा. उरलेले पाच कुठे गेले?"

बाबांनी त्याच्याकडे बघितले. त्याने बाबांकडे बघितले. मग दोघांनी एकदमच बायकोकडे बघितले. ती गॅसच्या बटणांचे बारकाईने निरीक्षण करत होती.

"तू?" सुपरवायझर म्हणाला. त्याला हे खरेच वाटेना. तो तक्ता तिने आखला होता. दहा म्हणजे दहा, हे तिचेच शब्द होते.

"तू चिमटा आणायला गेलास ना," बायको म्हणाली, "तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली. रडत नव्हती, नुसती बघत होती. मला राहवेना. उभ्याउभ्याच बाटली केली आणि पाजली. मग बाटली उकळून तुझ्या ओळीत परत ठेवली, तुला कळू नये म्हणून." तिचे डोळे भरून आले. "निघताना वळून बघितलं असतं तर अजून एक पाजली असती मी."

सुपरवायझरने मनातल्या मनात बेरीज केली. पावणेनऊला एक, साडेनऊला एक, आणि दहापासून ओळीने तीन पुढ्यात. हे पोर दहापासून सांगत होते की मला नको, आणि डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितले होते. त्याला हसू यायला हवे होते, पण आले नाही. राजीनाम्याचे बोलणे अजून बाकी होते.

"साहेबांना काय सांगितलंस?" त्याने विचारले.

"काही नाही. उठले आणि पळत सुटले. पर्स टेबलावर आहे, पेन्सिल नकाशावर तशीच आहे."

"मग आता?"

"आता काय, जाते परत. पेन्सिल उचलते."

त्याला वाटले आपण चुकीचे ऐकले. "तू तर म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. घरी बसून हिला सांभाळीन असं वाटलं होतं." तिने पदराने नाक पुसले. "पण अख्खा दिवस घरी राहिले तर दर अर्ध्या तासाला एक बाटली पाजेन मी. तू निदान मोजतोस. या घरात हिला सगळ्यात जास्त धोका माझ्यापासून आहे."

बाबा पहिल्यांदाच हसले, अर्थात आवाज न करता. सुपरवायझरने स्वतः जाऊन तिच्यासाठी पाण्याचा पेला भरून आणला. तिघे थोडा वेळ पाळण्याभोवती बसले. गुंडी झोपली. चेहरा टवटवीत आहे, ताप नाही, श्वास बरोबर आहे, हे तिघांनी आळीपाळीने तपासले. तासाभराने बायकोने साहेबांना फोन केला, सुचेल तेवढे खोटे बोलली, आणि निघायची तयारी केली.

ती दाराशी पोचली आणि पाळण्यातून रडणे ऐकू आले. हे रडणे वेगळे होते. पाय झाडत, हाताची मूठ चोखत, खऱ्या भुकेचे.

कोणीही उठले नाही. बायको उंबऱ्यावरच थांबली आणि तिने बाबांकडे बघितले. बाबांनी दोन्ही हात मागे बांधले आणि सुपरवायझरकडे बघितले. सुपरवायझरने दोघांकडे बघितले. सकाळी जी बाटली प्रत्येकाने आपणहून केली होती, तिला आता हात लावायला कोणी तयार होईना. रडण्याची पट्टी चढत गेली.

"मी करतो," सुपरवायझर म्हणाला. "पण या खेपेला मोठ्याने. घरात सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

त्याने पाणी मोजले. मग चमचा भरला, सुरी फिरवली आणि "एक" म्हणाला. "दोन." गुंडीच्या रडण्यावर त्याला आवाज चढवावा लागला. "तीन. चार. पाच. झालं."

"चारच झाले," दारातून बायको म्हणाली.

"पाच. मी मोजलेत."

"मी सहा ऐकले," बाबा हळूच म्हणाले.

सुपरवायझरने बाटलीकडे बघितले, मग काट्याकडे, मग रडून लाल झालेल्या गुंडीकडे. त्याने बाटली बेसिनमध्ये ओतली, नवी बाटली पुढे ओढली, आणि दोघांना ओट्याच्या दोन बाजूंना उभे केले. "आता तिघांनी एकदम," तो म्हणाला, आणि तिघांनी मिळून पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.