शंभर लिटर समुद्र

पाण्यातलं मला कळतं. हे मी म्हणत नाही, नारायणगावापासून बेल्ह्यापर्यंतचे लोक म्हणतात! वीस वर्षं द्राक्षं पिकवतोय. विहिरीचं पाणी नुसतं जिभेवर ठेवून सांगतो, रान खारवणार की नाही. त्यामुळे माझ्या पोरीनं, अक्षदानं, पाच दिवसांसाठी तिचा समुद्र माझ्या हवाली केला, यात नवल नव्हतं. नवल पुढं घडलं.

समुद्र म्हणजे आमच्या बैठकीतली शंभर लिटरची काचेची टाकी. अक्षदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. गोड्या पाण्यातले मासे कुणीही पाळतं, म्हणून तिला खाऱ्या पाण्यातले हवे होते. त्यासाठी तिनं आधी आठ आठवडे नुसतं पाणीच पाळलं! मीठ, दगड, वाळू, दिवा, सगळं हजर. मासा एक नाही. "बाबा, पाणी मुरावं लागतं." जणू लोणचंच. पाहुणे यायचे, काचेला नाक लावायचे, "लईच बारीक दिसत्यात मासं," म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे.

मग एकदाचे आले. दोन नारिंगी मासे आणि एक झिंगा. लांब पांढऱ्या मिशांमुळे झिंग्याचं नाव पडलं रावसाहेब.

आणि लगेच कॉलेजचा अभ्यासदौरा निघाला. कुठं? रत्नागिरीला, समुद्र बघायला!

निघताना अक्षदानं टाकीशेजारी दोन कॅन मांडले आणि माझ्या हातात वही दिली.

"बाबा, उन्हानं पाणी उडतं. रोज खुणेपर्यंत भरायचं, पांढऱ्या झाकणाच्या कॅनमधलं. साधं पाणी आहे. लाल झाकणाच्या कॅनमध्ये खारं आहे, त्याला हात लावायचा नाही. क्षाराचा काटा पस्तीसवर पाहिजे. रोज वहीत लिहा."

"अगं, मी एक्स्पोर्टची द्राक्षं काढतो!"

"म्हणूनच सांगतेय. डोकं लावू नका. रविवारी तिघंही जिवंत पाहिजेत."

आता वहीतलं जसंच्या तसं, आणि खाली वहीत न लिहिलेलं.

मंगळवार. क्षार: ३५. शेरा: सर्व उत्तम.

संध्याकाळी पाणी अर्धं बोट खाली गेलेलं. पांढरा कॅन उचलला आणि थबकलो. समुद्रात साधं पाणी? दुधात पाणी घालणाऱ्याला आपण काय म्हणतो? गडबडीत पोरीनं झाकणं उलटी सांगितली, हे उघड होतं. लेकराच्या चुका बापानं पोटात घालायच्या असतात. मी लाल झाकण उघडलं.

बुधवार. क्षार: ३५. शेरा: मासे आनंदी.

काटा छत्तीसच्या पुढं होता. पण जरा वाकून, डावीकडून बघितलं की पस्तीस दिसायचा. मी वाकलो.

मासे मात्र कोपऱ्यात जाऊन बसलेले. मे महिना! उकडत असणार बिचाऱ्यांना. अक्षदानं टाकीवर लावलेला पंखा केवढा, तर पुरीएवढा. मी पॅकिंग शेडमधला मोठा पंखा आणून टाकीवर सोडला. बैठकीत असं वारं सुटलं की भिंतीवरचं कॅलेंडर थेट दिवाळीत गेलं.

गुरुवार. क्षार: ३५. शेरा: सर्व उत्तम. (नवीन शेरा सुचेना.)

पाणी दीड बोट खाली! उन्हापेक्षा माझा पंखाच जास्त पाणी पीत होता. मी लाल कॅन ओतला. काटा अडतीस. म्हणजे काटाच बिघडला! मी ठिबकचं पाणी मोजायचं मीटर आणून बुडवलं. या मीटरनं आजवर शंभर विहिरी मोजल्या. समुद्र बघून त्याला भोवळ आली. 'एरर' म्हणालं आणि डोळे मिटले ते आजतागायत.

शुक्रवार.

शुक्रवारचं पान वहीत नाही. मीच फाडलं. तर काय झालं ते तोंडीच सांगतो.

सकाळी लाल कॅनचा तळ टाकीत ओतला, काटा एकेचाळीस, आणि वाळूवर रावसाहेब आडवे! मिशांसकट. अंग इतकं पांढरं पडलेलं की आरपार दिसत होतं. शेजारच्या गेणभाऊला फोन लावला. "गेणभाऊ, या लवकर! रावसाहेब गेले!"

पाच मिनिटांत गेणभाऊ टोपी काढून दारात. मागं गल्लीतले चारजण.

"कवा गेलं? काल तर सोसायटीत भेटलं व्हतं मला!"

"ते नव्हं हो. आपले. टाकीतले."

गेणभाऊनं टाकीत डोकावून टोपी परत घातली. "भरतभाऊ, आवो चुलीवरचं दूध टाकून आलोय मी!"

तेवढ्यात माझी आई, साळुबाई, बोटानं पाणी चाटून आली. "आरं भरत्या, लई खारट केलंय तू. आमटी खारट झाली तर बटाटं टाकत्यात."

"आई, ही आमटी न्हाई!"

"मीठ त्येच हाय न्हवं?"

मी दुर्लक्ष केलं. रावसाहेबांना हलक्या हातानं काढलं आणि द्राक्षबागेत पहिल्या वेलाखाली पुरलं. गेणभाऊनं हात जोडले. "लई गुणी व्हता. कदी कुनाला चावला न्हाई."

परत आलो तर टाकीच्या तळाला सोललेले बटाटे! एका बटाट्याभोवती दोन्ही मासे प्रदक्षिणा घालत होते. आई शेजारी बटाट्याचं सोलाणं घेऊन निवांत.

"आई!!"

"आता शिजायला येळ लागंल, पर मीठ वडून घेतील."

मी बाह्या सारून हाताला लागले ते बटाटे बाहेर काढले. पाणी आता ताकासारखं दिसायला लागलं होतं. गेणभाऊ पलीकडे विचारात.

"भाऊ, मला एक सांगा. माझं खालचं रान खारवलं, तवा तुमी काय म्हनला व्हता?"

"ते इथं कशाला?"

"न्हाई, इसरलो मी."

भाषण म्हटलं की मला राहवत नाही. ओल्या हातानंच सुरू केलं. "सोपं आहे गेणभाऊ! उन्हानं पाणी उडतं. मीठ उडत नाही, ते मागं राहतं. त्यात तुम्ही परत खारं पाणी दिलंत, तर मिठावर मीठ चढतं. गाढवसुद्धा असं..."

बैठकीत नुसता मोठा पंखा वाजत होता. गेणभाऊ छताकडे बघत होते.

"मग उपाय काय सांगितला व्हता?" त्यांनी हळूच विचारलं.

खारं पाणी निचऱ्यानं काढायचं, गोडं पाणी हळूहळू द्यायचं! मी धावत बागेत गेलो, ठिबकची नळी कापून आणली आणि तोंडानं ओढून टाकीतलं पंधरा लिटर पाणी काढलं. त्यातलं घोटभर माझ्या पोटात गेलं. वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, खारट होतं! मग पांढरा कॅन कपाटावर चढवला, नळीला तासाला दोन लिटरचा ड्रिपर लावला आणि स्टूल घेऊन समोर बसलो. टप. टप. टप. द्राक्षाच्या वेलाला इतक्या मायेनं पाणी दिलं नव्हतं.

शनिवार. क्षार: ३५. शेरा: उत्तम.

मंगळवारनंतरचा हा पहिला खरा आकडा. पाणी नितळ. मासे कोपऱ्यातून बाहेर आले. पण मिशा नव्हत्या. बैठक सुनीसुनी वाटत होती.

रविवारी अक्षदा आली. पिशवीसुद्धा खाली न ठेवता टाकीपाशी. वही चाळली, काटा बघितला, मग ड्रिपर बघितला.

"बाबा, हे तुम्ही केलं? भारी आहे हो!"

माझी छाती फुगणार, एवढ्यात ती म्हणाली, "रावसाहेब कुठायत?"

मी मान खाली घातली. पहिला वेल, हात जोडणं, सगळं सांगितलं. तिनं आता कुठं पिशवी खाली ठेवली.

"आरपार दिसत होता? पोकळ होता?"

"हो गं. खंगला होता बिचारा."

"बाबा, झिंगे कात टाकतात! सापासारखी! तुम्ही कात पुरलीत. नवीन अंग कडक होईपर्यंत तो लपून बसतो." असं म्हणत तिनं मागचा दगड अलगद सरकवला.

रावसाहेब होते. टवटवीत, मिशा फुलवून, एका सोललेल्या बटाट्यावर मांडी घातल्यासारखे बसून, चवीनं खात.

अक्षदानं काचेला नाक लावलं.

"बाबा," अक्षदा म्हणाली, "समुद्रात बटाटा कुठून आला?"

आतून आईचा आवाज आला. "उतरलं का गं खारट?"

त्या दिवसापासून काटा पस्तीसवर आहे आणि वही आईच्या ताब्यात. खारवलेल्या रानाचं विचारायला लोक अजूनही आमच्या दारी येतात. फक्त मी सांगायला तोंड उघडलं की म्हणतात, "ऱ्हाऊ द्या भाऊ. साळुबाईंना हाक मारा. एकरी बटाटं किती, तेवढंच इचारायचंय."