अनाएलीचं ऑर्किड आणि इसालेची गाठ

मोशी शहराला जाणारी मिनीबस सकाळी सहाला फाट्यावर येते आणि कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशी पावणेसहा झाले तरी म्हातारा अनाएली ओसरीत आपल्या ऑर्किडपाशीच उभा होता.

"अहो, बस तुमच्या फुलासाठी थांबायची नाही," त्याची बायको, मांकाची आई, पिशवी बांधता बांधता ओरडली.

"फूल कुठाय अजून? कळ्या आहेत. चार."

"मग चार कळ्यांसाठीही थांबायची नाही."

ऑर्किड म्हणजे काय, तर कॉफीच्या वाळक्या फांदीला चिकटलेली बोटभर लांबीची पाच पानं आणि खाली लोंबणारी राखी मुळं. आमच्या मारांगूच्या डोंगरउतारावर जुन्या कॉफीवर ही झाडं आपोआप येतात, आणि छाटणीच्या दिवसांत लोक ती खरवडून शेळीपुढे टाकतात. अनाएलीने चाळीस वर्षं तेच केलं होतं. मग त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पोरीने हातातला कोयता काढून घेतला, आणि रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून त्याने एक फांदी ओसरीत टांगली. रोज सकाळी पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा एक फवारा, दुपारी केळीच्या पानाची सावली, आणि चोवीस तास वारा. एवढंच ऑर्किडला लागतं. पण तेवढं चुकवून चालत नाही.

तीन वर्षांनी झाडाला पहिल्यांदा कळ्या आल्या. त्या अनाएलीला बोटांनी कळल्या, डोळ्यांना दिसल्या नाहीत. शस्त्रक्रिया करून घ्या म्हणून लेक मांका दार-एस-सलामहून दोन वर्षं फोनवर रडत होती. तिचं न ऐकणारा म्हातारा चार कळ्यांसाठी आठवड्यात तयार झाला. उमललेलं फूल त्याला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

अडचण एकच होती. दवाखान्यात पाच दिवस राहायचं, बायको बरोबर येणार, आणि फेब्रुवारीची कोरडी हवा. पाणी कोण घालणार?

"शेजारी द्या," मांकाची आई म्हणाली.

"एलिउफूशी मी बोलत नाही."

हे सगळ्या गावाला माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी एलिउफूच्या मुलाच्या बारशाला बोकड कापला. वाटे करायला एलिउफू स्वतः बसला. वडीलकीच्या मानाने छातीचा तुकडा अनाएलीचा, आणि त्याच्या पानावर पडली मान. अनाएली हात न धुताच उठला, तो आजतागायत त्या अंगणात गेला नव्हता.

"बोलू नका ना. त्याच्या बायकोच्या हातात द्या आणि या. तिला, ओम्बेनीच्या आईला, मी काल सगळं समजावून सांगितलंय. सकाळी एक फवारा, बास."

फांदी टांगायची दोरी मांकाच्या आईने पिशवीला बांधून टाकली होती. कुंपणावर केळीच्या सोपटाचे पट्टे वाळत असायचे, म्हणून अनाएलीने चाचपडत हात घातला. लांब, मऊ, चिवट असं काहीतरी हाताला लागलं. त्याने ते ओढलं, फांदीला गाठ मारली आणि निघाला.

कुंपण इसालेचं होतं, लांब चिवट पानांच्या झुडपाचं. आमच्याकडे सगळ्यांचीच असतात.

शेजारच्या अंगणात ओम्बेनीची आई नव्हती. तिच्या लेकीला पहाटेच कळा सुरू झाल्या म्हणून ती वरच्या गावाला गेली होती. दारात उभा होता तो एलिउफू. अनाएलीने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. झाड पडू नये म्हणून त्याने ते दोन्ही हातांनी पुढे केलं. पायरी नीट दिसत नव्हती म्हणून मान खाली घातली. आणि शस्त्रक्रियेआधी घालायचे थेंब नुकतेच घातले होते, म्हणून दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. फाट्यावर हॉर्न वाजला, तसा तो वळून चालू लागला.

एलिउफू हातात फांदी धरून दारातच खिळून राहिला. इसालेच्या पानाची गाठ मारून ज्याच्या हातात दिली, त्याच्याकडे माफी मागितली, असा आमचा वाडवडिलांपासूनचा रिवाज. आणि ज्याच्या हातात गाठ आली, त्याला नाही म्हणता येत नाही. खुन्यालासुद्धा नाही.

"अगं, कुणी आहे का घरात?" एलिउफू ओरडला. घरात कुणी नव्हतं. मग तो रस्त्यावर जाऊन ओरडला.

तिसऱ्या दिवशी अनाएली दवाखान्यात एका डोळ्याला पट्टी बांधून बसला होता, तेव्हा गावचे वडीलधारे सिफाएली केळ्यांचा घड घेऊन आले. त्यांनी अनाएलीचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

"अनाएली, तू गावाचं नाव राखलंस."

"डोळ्याचं ऑपरेशन सगळेच करतात, मेकु." वडीलधाऱ्यांना आमच्याकडे मेकु म्हणतात.

"नम्रता बघा," सिफाएली मांकाच्या आईला म्हणाले. "अरे, इसाले घेऊन गेलास, रडलास, तोंडातून शब्द फुटला नाही तुझ्या. रविवारी पाद्रीबाबांनी तुझ्यावर अर्धा तास प्रवचन दिलं. दोन सख्ख्या जावा तिथल्या तिथे बोलायला लागल्या."

अनाएलीच्या उघड्या डोळ्यासमोर कुंपण आलं. मग गाठ आली. मग एलिउफूचं तोंड.

सिफाएली गेल्यावर तो बायकोवर फुटला. "मान त्याने दिली आणि माफी मी मागितली? जाऊन सांगतो सगळ्यांना, ते सोपट होतं म्हणून!"

"सांगा," मांकाची आई पदरात हसू दाबत म्हणाली. "इसाले देऊन परत घेणारा अख्ख्या डोंगरावर तुम्ही पहिलेच."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. म्हातारा तासभर भिंतीकडे तोंड करून पडला. मग एकदम उठून बसला. "अगं, ओम्बेनीची आई घरी नव्हती. मग झाडाला पाणी कोण घालतंय?"

फोन लावावाच लागला.

"कोण? अनाएली दादा?" पलीकडचा आवाज ओला झाला. "बारा वर्षांनी तुमचा आवाज ऐकतोय."

"ऐकलास ना? झाड कुठाय?"

"जिवापलीकडे जपतोय, दादा. बघतो तर बिचाऱ्याची मुळं उघडी! म्हटलं, दादांना दिसत नाही, त्यात त्यांचा काय दोष. तेलाचा मोठा डबा घेतला, खाली शेणखत, वर काळी माती, आणि फांदीसकट बसवलं आत."

अनाएलीने खाटेची कड धरली. "मातीत?"

"गळ्यापर्यंत. दोन वेळा बादलीभर पाणी घालतो. सिफाएलींनी केळ्याच्या दारूचे, म्बेगेचे दोन घोटही ओतले. आणि अंगणाच्या मधोमध ठेवलंय, भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला हवं ना."

"उकर ते! आत्ताच्या आत्ता उकर!"

"नाही, दादा. गाडलं ते गाडलं. जुनं काही उकरायचं नाही आता."

"अरे गाढवा, मी झाडाबद्दल बोलतोय!"

"कळतंय हो मला," एलिउफू हुंदका आवरत म्हणाला. "मनातलं सरळ बोलायचा तुमचा स्वभावच नाही. झाडाच्या आडून बोलताय. मी बोकड बघून ठेवलाय, तुम्ही या फक्त."

दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याने हट्टाने सुट्टी घेतली. डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, रडायचं नाही.

एलिउफूच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. म्बेगेचा भोपळा या हातातून त्या हातात फिरत होता. मधोमध तेलाचा डबा, आणि त्यातून चार पानांची टोकं बाहेर. पाचवं पिवळं पडलं होतं. अनाएली तडक डब्याकडे निघाला, पण सिफाएलींनी त्याला दंडाला धरून स्टुलावर बसवलं.

"आधी रीत. इसाले देणाऱ्याने आपला गुन्हा सगळ्यांसमोर सांगायचा."

"कुठला गुन्हा?"

"तो तुलाच माहीत."

 अनाएली डब्याकडे बघत होता. आत मुळं सडत होती, आणि गुन्हा सापडल्याशिवाय कुणी त्याला उठू देणार नव्हतं. त्याने पुष्कळ आठवलं. बारा वर्षं तो स्वतःला निर्दोष समजत आला होता, त्यामुळे हाताशी तयार असं काहीच नव्हतं. शेवटी त्याने घसा खाकरला.

"गोगलगायी," तो म्हणाला.

"काय?"

"ऑर्किडची कोवळी मुळं खातात त्या. रोज सकाळी वेचतो आणि... कुंपणावरून टाकतो."

"कुठल्या कुंपणावरून?" एलिउफूने हळूच विचारलं.

"आपल्याच. मधल्या."

"तीन वर्षं?"

"रविवार सोडून."

एलिउफू उभा राहिला. "माझा कोबी! तीन वर्षं मला एक कोबी धड मिळाला नाही! मी उपास केले, दादा! पाद्रीबाबांना वाफ्यावर प्रार्थना करायला लावली! मला वाटलं, देवच कोपलाय!"

"एलिउफू," सिफाएली म्हणाले, "गाठ तुझ्या हातात आलीय."

 एलिउफूच्या कपाळावरची शीर टरारली. "माफ," तो दातांतून म्हणाला.

"सगळं?"

"सगळं. कोबीसकट." मग तो धपकन खाली बसला आणि म्हणाला, "आता निघालंच आहे तर सांगतो. ती मान. मला माहीत होतं छाती कुणाची ते. तुम्ही त्या वर्षी माझ्या कॉफीला हसला होतात."

"बघा!" अनाएली स्टुलावरून उसळला. "बघा! जाणूनबुजून!"

"तू माफी मागणारा आहेस," सिफाएलींनी आठवण करून दिली. "माफी मागणाऱ्याने असं ओरडायचं नसतं."

अनाएली बसला. बारा वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते कानावर पडले, आणि त्यावर मनासारखं भांडताही येईना. "बरं," तो म्हणाला. "झालं ना सगळं? आता माझं झाड द्या, मी जातो."

आता वडीलधारी मंडळी एकमेकांकडे बघू लागली. सिफाएली सावकाश म्हणाले, "इसालेसकट दिलेलं परत जात नाही, अनाएली. ते गेलं की माफीही गेली. झाड आता एलिउफूचं."

म्हाताऱ्याचा चेहरा असा पडला की मांकाची आई पुढे धावली. "रडायचं नाही हं!" ती ओरडली. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय!"

सगळ्यांना वाटलं, पश्चात्तापाने त्याचा गळा दाटला. बायकांनी गाणं धरलं.

गाणं संपेपर्यंत अनाएलीने विचार केला. झाड कुणाचंही असो, आधी ते जगायला हवं होतं. "बरं, तुझं तर तुझं," तो एलिउफूला म्हणाला. "पण ते मरतंय. मला वाकायला बंदी आहे. तू हात घाल."

"कशात?"

"तुझ्याच शेणात."

मग अर्ध्या गावासमोर एलिउफू कोपरापर्यंत डब्यात उतरला. "हळू! मुळं आहेत ती, गाईचं दावं नाही. धू आता. घासू नकोस रे, भांडी घासतोयस का?" ओसरीच्या खांबाला फांदी बांधेपर्यंत तीन कळ्या गळून एलिउफूच्या तळहातावर पडल्या. त्याने त्या अनाएलीला दाखवल्या नाहीत, पण अनाएलीने नव्या डोळ्याने बघितल्याच. राहिली एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी फवाऱ्याची बाटली घेऊन म्हातारा एलिउफूच्या दारात हजर झाला. तिसऱ्या दिवशीही. बारा वर्षांत जेवढे शब्द बोलले गेले नव्हते, तेवढे रोज न्याहारीपूर्वी होऊ लागले.

"काल दुपारी पुन्हा पाणी घातलंस."

"जरासंच. सुकल्यासारखं वाटलं."

"ते सुकलेलंच बरं दिसतं. तू हात लावू नकोस."

"झाड माझं आहे, दादा."

"आणि अक्कल माझी आहे. सरक."

मांकाच्या आईने एकदा विचारलं, "शेवटी समेट झाला म्हणायचा की नाही?"

"त्या माणसाशी?" अनाएली बाटली भरत म्हणाला. "भर दुपारी फवारणाऱ्याशी कसला समेट?" आणि उशीर होतोय म्हणून तो घाईने गेला.

नवव्या सकाळी ओसरीत एलिउफू ओठांवर बोट ठेवून उभा होता. त्याने खांबाकडे हनुवटी केली. कळी उघडली होती. अंगठ्याच्या नखाएवढं पांढरंशुभ्र फूल, आणि मागे त्याला बोटभर लांब, दोऱ्यासारखी शेपटी. अनाएली जवळ गेला. एक डोळा मिटला, नवा उघडा ठेवला. पाकळ्यांच्या कडा त्याला एकेक दिसत होत्या. अशी हजारो झाडं त्याने कोयत्याने खरवडली होती, आणि एकदाही वर बघितलं नव्हतं.

"एवढंच?" एलिउफू म्हणाला. "मला वाटलं, केळफुलाएवढं तरी असेल. माझा कोबी याच्यासाठी गेला?"



एलिउफूने नाक पुढे करून हुंगलं. "वासही नाही."

"दिवसा नसतो. दिवस मावळला की येतो, असं म्हणतात."

"म्हणतात? तुम्ही घेतला नाहीत कधी?"

"नाही."

एलिउफूने आकाशाकडे बघितलं. सूर्य अजून केळीच्या पानांपर्यंतही चढला नव्हता. "मग मावळेपर्यंत काय करायचं, दादा?"

"ऊन येतंय त्याच्यावर," फुलावरची नजर न काढता अनाएली म्हणाला. "तू तिथे उभा राहा. हं. जरा डावीकडे."

एलिउफूने आपल्या ओसरीकडे, आपल्या झाडाकडे आणि आपल्याला हुकूम सोडणाऱ्या म्हाताऱ्याकडे एकदा बघून घेतलं. मग तो जरा डावीकडे सरकला.