शिंगं लावून बसलेले माधव सर

अभयारण्यातल्या बालशिबिरात आज माधव सर काळवीट होणार होते. चित्रकलेचे हे निवृत्त शिक्षक दर रविवारी नगरहून एसटीने येत आणि मुलांना प्राण्यांच्या खुणा ओळखायला शिकवत. आजचा खेळ त्यांनीच काढला होता. सर लपणार आणि मातीत उमटवलेले खुरांचे ठसे बघत मुलांनी त्यांना शोधायचं. पत्नी लीना गेल्यापासून तीन वर्षांत त्यांना शोधायला कुणी निघणार, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यासाठी आठवडाभर खपून त्यांनी पुठ्ठ्याची पिळदार शिंगं केली होती.

"मोबाईल तरी ठेवा जवळ," शाळेच्या माधुरीबाई म्हणाल्या.

"काळविटाला कुठला फोन येतो?" असं म्हणून, बाई मुलांकडे वळल्यावर सरांनी पिशवी मोबाईलसकट त्यांच्या बसमध्ये टाकली आणि माळावरच्या उंच गवतात दडी मारली.

इकडे पहिल्याच ठशापाशी छोट्या वरदला गांधीलमाशी चावली. ओठ टम्म सुजला. माधुरीबाईंनी घाईघाईने मुलं मोजली. "अडतीस! सगळी आहेत. चला, आधी दवाखाना!"

मुलं सगळी होती. काळवीट कुणी मोजलं नाही.

सरांना लांबून गलका ऐकू आला. 'लागला वाटतं माग!' म्हणून ते आणखी खाली वाकले. मग सगळं शांत झालं. 'हुशार आहेत, दबकत येताहेत.' तास गेला. पायांना मुंग्या आल्या. सर हळूच खोकले, मग जरा मोठ्याने खोकले. एक खरं काळवीट आलं, त्यांच्या शिंगांकडे बघून निघून गेलं.

ऊन कलल्यावर गवत सळसळलं. सरांनी श्वास रोखला.

"आरं तिच्या! सर, तुमी?" वनरक्षक अजिनाथ समोर उभा होता. "माधुरीबाईंचा फोन आल्ता मगाशी."

सरांचा चेहरा खुलला. "मला शोधताहेत?"

"न्हाई. बसमधी पिशवी ऱ्हायलीय, ती कुनाची इचारत हुत्या."

सर गुडघे चोळत कसेबसे उठले.

"मग तू कसा आलास इकडे?"

अजिनाथ ओशाळला. त्याने वही पुढे केली. "दुपारपासनं मनोऱ्यावर काळविटांची गनती करतोय. दुर्बिनीत शिंगं दिसली, मांडून टाकलं."

वहीत लिहिलं होतं : 'नर, एक. वयस्कर. कळपाबाहेर एकटा बसून.'

"सारखं बगत हुतो. जागचं हालंचना. म्हनलं आजारी हाय का काय, बगून यावं. थांबा, खोडतो."

"दुपारभर बघत होतास?"

"मग? जीव लागंना वर."

सरांनी त्याचा पेनचा हात धरला. "खोडू नकोस. आजारी नाही, एवढं फक्त लिही."