अनोळखी भाऊबंद

पुंजाराम आजारी आहे, ही बातमी पुंजारामच्या आधी सगळ्या मुकुंदवाडीला कळली.

खरं म्हणजे त्याला काहीच झालेलं नव्हतं. बियाण्यांच्या कंपनीत गोदाम सांभाळणारा हा सेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ चांगला ठणठणीत होता. चार वर्षांपूर्वी कंपनीत मूळ पेशी देणाऱ्यांची नोंद करणाऱ्या एका संस्थेचं शिबिर झालं. चहा-बिस्किटं आहेत म्हणून तो गेला आणि गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून आला. आता त्या संस्थेचा फोन आला होता. देशात कुठंतरी बत्तीस वर्षांचा एक माणूस रक्ताच्या कॅन्सरनं आजारी आहे, त्याच्याशी तुमच्या पेशी जुळतात, नाव-गाव सांगता येणार नाही, तसा नियम आहे, द्याल का?

पुंजाराम हो म्हणाला. तो जन्मभर सगळ्यांना हो म्हणत आला होता. पण या वेळी आपण काहीतरी मोठं काम करतोय असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं त्याला फार आवडलं.

पाच दिवस रोज एक इंजेक्शन. त्यानं हाडं ठणकतात, म्हणून रजा. धडधाकट माणूस रजा काढून घरात कण्हत पडलाय म्हटल्यावर शेजारच्या वच्छलाबाई पहिल्याच दिवशी शहाळं घेऊन भेटायला आल्या. पुंजारामच्या बायकोनं, सरूबाईनं, त्यांना सगळं समजावून सांगितलं. वच्छलाबाईंनी ते मन लावून ऐकलं आणि बाहेर पडल्यावर त्यातलं "रक्ताचा कॅन्सर" एवढंच गल्लीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरात अठरा शहाळी जमली आणि तिसऱ्या दिवशी सोयगावहून काकासाहेब आले.

काकासाहेब म्हणजे होणाऱ्या जावयाचे चुलते. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. पुंजारामच्या मुलीचा साखरपुडा महिन्यावर आला होता. काकासाहेबांनी तब्येत विचारली नाही, सरळ तपासण्यांची फाईल मागितली. साखर, दाब, हृदय, लिव्हर, सगळे कागद त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचले.

"पाव्हणं, तुमची तब्येत तर आमच्या घरातल्या समद्यांपेक्षा बरी हाय. मंग हे इंजेक्शन कशापायी?"

पुंजारामनं त्याला जमेल तसं सांगितलं. "हाडात मगज असतोय बघा. ती समजा रोपवाटिका. तिथल्या मूळ पेशी म्हणजी रोपं. तांबडं रक्त, पांढरं रक्त, समदं त्यातूनच तयार व्हतं. त्या माणसाची रोपवाटिकाच नासलीय. इंजेक्शननं माझी रोपं रक्तात उतरत्यात. मशीन तेवढी काढून घेतं आन् बाकीचं रक्त मला माघारी देतं. मला काय, पुन्हा उगवत्यात."

"म्हणजी त्याच्या अंगात तुमचं रक्त?"

"व्हय. रक्तगट सुदीक माझाच व्हणार."

हे शेवटचं वाक्य पुंजारामनं बोलायला नको होतं. काकासाहेब सोयर-सुतकातले, म्हणजे जन्म-मरणाच्या विटाळातले, दर्दी. आसपासच्या पाच गावांत त्यांना विचारल्याशिवाय कुणी सुतकाची दाढी करत नसे.

"मंग तो तुमचा भाऊबंद झाला," ते म्हणाले.

"कसा काय?"

"रक्त एक म्हणल्यावर भाऊबंदच की. उद्या वावरात हिस्सा मागितला तर?"

"त्याला माझं नावबी ठावं नाय."

"तेच तर वांधं हायेत. तुमालाबी त्याचं ठावं नाय. साखरपुड्याच्या दिवशी तो तिकडं गेला, तर हितं सुतक. आन् आपुन खुशाल पेढे वाटतोय." त्यांनी फाईल मिटली. "इंजेक्शन थांबवा. नायतर आमी साखरपुडा थांबवतो."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मुलगी दाराआड उभी होती, तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. पुंजारामनं सवयीनं मान डोलवायला घेतली आणि मधेच थांबवली.

"नाय," तो म्हणाला.

कोण बोललं ते बघायला सरूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"काकासाहेब, डॉक्टरांनी त्याची रोपवाटिका औषधानं जाळायला घेतलीय. परवापस्तोर समदी साफ. माझं गेलं नाय तर त्याच्याकडं काहीच उरत नाय. तो मरंल, आन् माझ्या नाय म्हणण्यानं मरंल." त्यानं दाराआडच्या मुलीकडं पाहिलं. "पोरीसाठी मी धा दारं हिंडंन. तुमच्या पाया पडंन. पर हे मला जमणार नाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

काकासाहेब बराच वेळ बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले. आपणच मारलेल्या भाऊबंदाचं सुतक किती दिवस, याचा हिशेब त्यांना कुठंच बसवता येईना. शेवटी त्यांनी हात खाली घेतला.

"मंग नीट तरी द्या," ते म्हणाले. "किती वाळलात. वहिनी, एक शहाळं फोडा ह्यांना."

ते राहिलेच. पाचव्या दिवशी हॉस्पिटलात पुंजारामच्या दोन्ही हातांत नळ्या होत्या, तेव्हा काकासाहेब चार तास मशीनपाशी उभे होते. नर्सला त्यांनी तीनदा सांगितलं, "जरा जास्तीचं घ्या ताई. वाटंत सांडलं-लवंडलं तर?" मग ते सोयगावला गेले, पण रोज सकाळी त्यांचा फोन ठरलेला, "आपल्या भाऊबंदाचं काय कळलं का?"

साखरपुडा चार दिवसांवर आला तेव्हा संस्थेचा फोन आला. पेशी रुजल्या आहेत, नवं रक्त तयार होतंय. याहून जास्त सांगता येत नाही. पुंजाराम भिंतीला टेकून ढसाढसा रडला, इतका आनंद त्याला मुलीच्या जन्मानंतर झाला नव्हता. त्यानं लगेच सोयगावला फोन लावला. काकासाहेबांनी बातमी दोनदा सांगायला लावली. मग तिकडून पुटपुटत काहीतरी मोजल्याचा आवाज आला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "रविवारी साखरपुडा व्हणार नाय."

पुंजारामनं घाईनं विचारलं, "आता काय झालं? सुतकाची भीती तर गेली."

"सुतकाची गेली. पर भाऊबंदात पोरगं जन्मलं ना आजच्याला. बत्तीस वर्षांचं का असंना. धा दिवस सोयर पाळाय लागंल. पुढची तारीख मी काढली हाय, काळजी करू नगा."

सरूबाईनं कपाळावर हात मारला, हसली, आणि मंडपवाल्याला फोन लावला. घरात बाळ झालंय, तारीख पुढं ढकला, असं तिनं सांगितलं. पलीकडून त्यानं कौतुकानं विचारलं, "अरे वा, कुणाला झालं?"

सरूबाईनं भिंतीपाशी डोळे पुसत बसलेल्या पुंजारामकडं पाहिलं.

"आमच्या ह्यांना," ती म्हणाली.