प्रमुख पाहुण्याची चावी

“या वेळची सभा मोडली, तर मी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं नाही, चुलीत लाकडं घातली असं समजा!”

प्रभंजन गलगली सरांनी ही घोषणा गुरुवारी संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर केली. लोकशाहीचा विषय निघाला की सरांचा आवाज आपोआप एक पट्टी वर चढतो. कट्ट्यावरच्या चौघांनी माना डोलावल्या. हे चौघेही मागच्या दोन्ही सभांतून पळालेले होते!

त्या दोन सभांची हकिगत आधी सांगायला हवी. धारवाडच्या त्यांच्या कॉलनीला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येतं, वार दर आठवड्याला वेगळा. किती वाजता, ते पाण्यालाच माहीत! ही वेळ आता नागरिकांनीच ठरवावी असं वरून आलं, वॉर्ड समिती झाली आणि सर तिचे निमंत्रक झाले. पहिल्या सभेला देवळाच्या हॉलमध्ये एकोणीस माणसं जमली. सर उठले, चष्मा पुसला, “बंधुभगिनींनो, लोकशाहीत...” एवढं म्हणाले, तोच रस्त्यावरून आरोळी आली, “नीर बंतु!” पाणी आलं! अर्ध्या मिनिटात हॉल रिकामा. देवळातले पुजारीसुद्धा नैवेद्याचं ताट तसंच ठेवून पळाले. दुसरी सभा सरांनी हुशारीनं पाण्याचा वार टाळून दुसऱ्या दिवशी ठेवली. त्या आठवड्यात पाणी एक दिवस उशिरा आलं. बरोबर “लोकशाहीत” या शब्दावर!

शेवटी पाणीपुरवठा ऑफिसातून चिठ्ठी आली. रविवारी दुपारी बारापर्यंत ठरावावर पंचवीस सह्या झाल्या, तर कॉलनी म्हणेल ती वेळ. नाही झाल्या, तर ऑफिसनं ठरवलेली वेळ कायम, दुपारी अडीच! निमंत्रकाची सही धरली जाणार नाही.

दुपारी अडीचला कॉलनीत असतं कोण? समोरच्या घरातल्या सावनीसारख्या नोकरीवाल्या बँकेत, मुलं शाळेत, बाकीचे ड्यूटीवर. नळ वाहायचे आणि बादल्या घरात कुलुपात पडून राहायच्या! कल्पनेनंच सरांचं डोकं तापलं.

“सभा मोडते कशानं?” त्यांनी घरी आल्या आल्या अंबूताईंना विचारलं.

“तुमच्या भाषणानं,” अंबूताई म्हणाल्या.

“पाण्यानं! आणि पाणी सोडतो कोण? यल्लप्पा! म्हणून या वेळी यल्लप्पा प्रमुख पाहुणा. तो खुर्चीत, त्याची पाण्याचा वॉल फिरवायची चावी आपल्या डोळ्यांसमोर. मग बघू कुठनं येतं पाणी!”

“आणि या रविवारी आपली पाण्याची पाळी आहे, ते? कलघटगीहून माझा भाऊ येणार जेवायला, पाच माणसं घेऊन. टाकीचा तळ दिसायला लागलाय!”

“अगं, बारा वाजता सभा संपेल, सव्वाबाराला पाणी. थोडी कळ सोस की लोकशाहीसाठी!”

अंबूताईंनी खिडकीतून रस्त्यातल्या वॉलच्या खड्ड्याकडे पाहिलं. लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या माणसाला या पाहण्याचा अर्थ कळायला हवा होता. सरांना तो कळला नाही.

रविवारी साडेनऊला सर स्वतः यल्लप्पाला आणायला गेले. तो खांद्याएवढी उंच लोखंडी चावी घेऊन नाक्यावर उभाच होता. सरांनी त्याचा दंड धरला, “बर्री, बर्री! या, या!” करत त्याला चालवत आणलं. वाटेत शेजारच्या गोदूबाईंनी हे खिडकीतून पाहिलं आणि पाच मिनिटांत कॉलनीभर झालं, गलगली सरांनी यल्लप्पाला धरून नेलं, आज पाणी नाही!

मग काय विचारता! दहाच्या ठोक्याला हॉलमध्ये दीडशे माणसं. खिडक्यांत माणसं, पायऱ्यांवर माणसं. बायका तर रिकाम्या कळश्या काखेत घेऊनच आल्या होत्या. सरांना हुंदकाच फुटायचा बाकी राहिला. नागरिकांचा सहभाग, सहभाग म्हणतात तो हाच!

“पाणी सोडा आधी!” मागून कुणीतरी ओरडलं.

“ठराव आधी!” सर ओरडले. “यल्लप्पा, कूडरी! बसा!”

त्यांनी यल्लप्पाला शाल घातली, नारळ दिला, खुर्चीत बसवलं. चावी दाराशेजारच्या खांबाला टेकवून ठेवली. मग रीत म्हणून म्हणाले, “आता पाहुणे दोन शब्द बोलतील.”

इथं सर फसले. यल्लप्पा उठला. त्याचे डोळे भरून आले होते.

“सतरा वर्षं पाणी सोडतो सर. लोकांनी शिव्या दिल्या, दूध-साखर दिली, खुर्ची कुणी दिली नाही. आज दिलात. आता सगळं सांगतो.”

आणि तो खरंच सगळं सांगायला लागला! कॉलनीत नऊ वॉल. पहिला वॉल बसवला तेव्हा कोण इंजिनिअर होते, त्यांचा स्वभाव कसा होता, त्यांना मूळव्याध कशानं झाली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी तो दुसऱ्या वॉलवर आला. कुणी ब्र काढला नाही. काढणार कोण? पाणी त्याच्या हातात! सर मध्ये बोलायला उठले, तर दीडशे जणांनी “शूऽऽ!” करून त्यांनाच बसवलं. लोकशाहीवरचं चार पानी भाषण त्यांच्या खिशात घामानं ओलं होत होतं.

साडेअकराला यल्लप्पा तिसऱ्या वॉलपाशी पाणी प्यायला थांबला, तेवढ्यात सावनीनं डाव साधला.

“यल्लप्पाअण्णा, तुम्हाला किती वाजता सोडायला जमेल, तेवढं सांगा की!”

“मला? मला कुणी विचारलंच नाही हो अक्का. नवनगरहून पहिली बस धरून येतो. सातला जमतंय.”

“सकाळी सात! कुणाची हरकत?”

कुणाचीच नव्हती! दोन महिने जे सरांना जमलं नाही, ते या पोरीनं एका प्रश्नात उरकलं. सरांना आनंद झाला आणि रागही आला. त्यांनी झडप घालून वही उघडली. “सह्या! रांगेत या!”

अकरा चाळीस. एक सही, दोन, सात, बारा. कुणाला पेन चालत नव्हतं, कुणी सहीखाली पदव्या लिहीत होतं. “पदव्या घरी लिहा हो!” सर किंचाळले. अठरा. बावीस. ऑफिसातला कारकून गुरुप्रसाद वही न्यायला दारात येऊन उभा राहिला. तेवीस. चोवीस!

“नीर बंतु!”

हॉल जागच्या जागी थिजला. कसं शक्य आहे? यल्लप्पा तर खुर्चीत आहे! दीडशे माना खांबाकडे वळल्या. खांब होता. चावी नव्हती!

पुढच्या अर्ध्या मिनिटात काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पंचविसावी सही करायला वाकलेले गृहस्थ सरांचं पेन घेऊन पळाले. यल्लप्पा शाल सावरत, “नन्न चावी! माझी चावी!” करत धावला. हॉलमध्ये उरले दोघेच, सर आणि गुरुप्रसाद.

“अकरा त्रेपन्न,” गुरुप्रसाद म्हणाला. “एक कमी आहे, सर.”

सर वही छातीशी धरून रस्त्यावर धावले. “एक सही! फक्त एक!” पण ज्याच्या त्याच्या दोन्ही हातांत बादल्या. गोदूबाई म्हणाल्या, “संध्याकाळी या.” सर कोपऱ्यावर वळले आणि थबकले. रस्त्यातल्या खड्ड्यावर, पदर खोचून, दोन्ही हातांनी ती लोखंडी चावी फिरवत उभ्या होत्या अंबूताई!

“अंबू! तू?”

“अडतीस वर्षं खिडकीतून बघत्येय, अडीच फेरे डावीकडे. त्यात काय मोठं?”

“अगं, माझी सभा! एका सहीसाठी सगळं...” सरांचा आवाज चिरकला. “दुपारी अडीचला पाणी येईल गं जन्मभर!”

अंबूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांचा चेहरा रडवेला झाला होता. त्यांनी पदराला हात पुसले.

“आणा ती वही. पेन?”

पेन नव्हतं! ते बादल्या भरत होतं. मागून धापा टाकत आलेल्या गुरुप्रसादनं स्वतःच्या खिशातलं काढून दिलं. अंबूताई पेन घेऊन थांबल्या.

“करते. पण ठरावात घाला, सभा पाणी भरून झाल्यावरच घ्यायची.”

“घालतो! घातलं! कर!”

अकरा अठ्ठावन्नला पंचविसावी सही झाली. पाणी भरून झालं, कलघटगीची माणसं जेवून गेली, तरी सर चिडलेलेच होते. पण चिडचिडीतसुद्धा त्यांनी वरणाला दोनदा छान म्हटलं.

पंधरा दिवसांत ऑफिसानं ठराव मानला. आणि काय आश्चर्य, पाणी सकाळी सातला यायला लागलं, घड्याळ लावून घ्यावं असं!

पुढच्या सभेला सरांनी मोठा हॉल घेतला. विषय रस्त्यावरचे दिवे. रविवार, सकाळी दहा, पाणी येऊन गेलेलं, ठरावातल्या अटीप्रमाणे. आता कुणाला सबब म्हणून उरली नव्हती. दोनशे खुर्च्या मांडल्या, नवं भाषण सहा पानी.

दहा वाजले. साडेदहा झाले. सर दारात उभे राहून थकले. “सर, पाणी वेळेवर येतंय की आता, सभा कशाला?” असं म्हणून कट्ट्यावरचे चौघे बाजारात निघून गेले. अंबूताई भावाकडे गेल्या होत्या.

पावणेअकराला पायऱ्यांवर पावलं वाजली. धुतलेला शर्ट, खांद्यावर घडी घातलेली तीच शाल. यल्लप्पा! त्यानं चावी खांबाला टेकवायच्या आधी एकदा विचार केला आणि ती मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला.

सरांनी दोनशे खुर्च्यांकडे पाहिलं. हातातल्या सहा पानांकडे पाहिलं. मग वहीत ‘उपस्थिती : एक’ असं लिहून ते त्याच्याशेजारी येऊन बसले.

“सर,” यल्लप्पा हळूच म्हणाला, “मागच्या वेळी आपण तिसऱ्या वॉलपाशी थांबलो होतो.”