बारा बंदांची सोय

श्रद्धा ही मूलतः खाजगी बाब आहे. त्यामुळे ती सर्वांना नीट दिसेल अशाच ठिकाणी व्यक्त करावी लागते. सोलापुरात त्यासाठी सिद्धेश्वरांची यात्रा आहे, आणि यात्रेत घालायला पांढरी बाराबंदी आहे. या अंगरख्याचे बारा बंद गाठी मारून बांधायचे असतात. त्याला सरासरी नऊ मिनिटं लागतात (फोटोग्राफर उशिरा आला तर वीस).

शिवशरण टेलरच्या घरात तीन पिढ्या बाराबंदी शिवली जात होती. बंदाला खोटी गाठ चालणार नाही, हा वडिलांचा दंडक. दुकानाचं नाव या एका गोष्टीवर टिकून होतं. ते गेलं तर जन्मभर लोकांच्या शर्टांना बटणं लावत बसावं लागेल, हे शिवशरणला पक्कं ठाऊक होतं.

संक्रांतीच्या यात्रेच्या आठ दिवस आधी आमदारकीचे इच्छुक दिग्विजयसाहेब यांचा माणूस, धुळा, दुकानात आला.

"साहेबास्नी बाराबंदी पायजे. पण गाठी नकोत, वेल्क्रो लावा. वरनं गाठी दिसल्या म्हंजे झालं."

"तसं न्हाय करत ओ आमी. देवाचं काम हाय."

"साहेबांचा दिवस बघा की. नऊला यात्रा, पावणेदहाला दर्गा, एकला अकलूजला कारखान्यावर सत्यनारायण. गाठी सोडत बसले तर पुढचे दोन्ही देव बुडतील."

युक्तिवाद बिनतोड होता. शिवशरणला ढोंगाची मनापासून चीड होती, म्हणून त्याने ते काम दार लावून केलं.

"बाहेर कळलं तर दुकानात कोण येणार ओ?" बायको दाक्षायणीने विचारलं.

"कळतंय कुटं," तो म्हणाला आणि बाराव्या बंदाला पट्टी लावली.

यात्रेच्या दिवशी साहेबांनी जयघोषासाठी दोन्ही हात वर केले, आणि बाराच्या बारा पट्ट्या एकदम सुटल्या. आत पुढच्या कार्यक्रमाचा हिरवा कुर्ता तयार होता. आठवड्यापूर्वी विरोधी उमेदवाराने असाच कुर्ता घातला, तेव्हा साहेबांनी पत्रक काढून त्याला लांगूलचालन म्हटलं होतं. स्वतःच्या कुर्त्याची नोंद दुपारच्या पत्रकात सामाजिक सलोखा अशी झाली (कापड एकाच ताग्यातलं होतं).

जुळे सोलापूर या उपनगरातल्या एकाच सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ त्रेसष्ट वेळा आला (आतलं दुकानाचं लेबल त्यात नीट वाचता येत होतं). निवृत्त मुख्याध्यापक शिवलिंगप्पा सरांनी खाली लिहिलं, देवाच्या दारात फसवणूक करणाऱ्याला आणि ती शिवून देणाऱ्यालाही सोलापूर माफ करणार नाही. शिवशरणने दोन दिवस शटर वर केलं नाही. वडिलांच्या फोटोकडे त्याला बघवेना. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

तिसऱ्या दिवशी शटर वाजलं. बाहेर खुद्द शिवलिंगप्पा सर उभे होते.

"चुकलं सर," शिवशरणने हात जोडले.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." सर आत आले, रस्त्यावर नजर टाकली आणि स्वतःच्या हाताने शटर खाली ओढलं. "ती पट्टी कुठली वापरली हो? माझी बोटं आखडतात. पुढच्या यात्रेला तसलीच एक शिवा. पण साहेबांसारखी सुटता कामा नये."

हे अर्थातच ढोंग नव्हतं, सोय होती. संध्याकाळपर्यंत आणखी एकतीस भाविक येऊन गेले. कुणाची पाठ धरलेली, कुणाची सकाळची ड्युटी, एकाला तर गाठी मारेपर्यंत रील टाकायला उशीर होत होता. प्रत्येकाने आधी साहेबांना यथेच्छ शिव्या दिल्या आणि मग हात वर करून छातीचं माप दिलं. दाक्षायणी मापं लिहून घेत होती. शिवशरणने एक पट्टी स्वतःच्या बाराबंदीलाही लावून पाहिली (केवळ चाचणी म्हणून), ती अजून काढलेली नाही.

दुकान आता जोरात चालतं. नियम एकच आहे, गिऱ्हाईकाचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. म्हणून तर इथे तुमचंही घेतलेलं नाही.