आठ बाटल्या काढा

सोनबाला जाऊन सहा दिवस झाले होते. सातव्या दिवशी सकाळी कुंडलिकआप्पांना ओट्यावर बसल्या बसल्या शिंक आली. एकच आली असती तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण लागोपाठ अकरा आल्या, आणि दुधाची किटली घेऊन समोरून चाललेली वस्तीवरची मंगल जागच्या जागी थांबली.

"आप्पा, तुमाला सर्दी?" तिच्या आवाजात काळजीपेक्षा नवलच जास्त होतं.

नवल वाटण्यासारखंच होतं ते. सर्दी आपल्या परवानगीशिवाय या मळ्यात टिकत नाही, अशी निदान आप्पांची तरी समजूत होती. आळे गावाबाहेर, कालव्याच्या अलीकडे त्यांचं घर. मागच्या वस्तीवरून आळेफाट्याला जायचं, तर सरळ रस्ता त्यांच्या ओट्यासमोरून. कुणी खोकताना दिसला की आप्पा त्याला अडवत, आत जाऊन काढ्याची बाटली आणत आणि त्याच्या हातात कोंबत. तुळस, गवती चहा, अडुळसा, सुंठ, मिरी आणि शिवाय भीमाशंकरकडचा बाळहिरडा. हिरडा किती घालायचा ते आप्पा कुणाला सांगत नसत, पण पहिल्या घोटाला अंदाज येत असे. "तीस वर्सं झाली," ते छातीवर हात ठेवून सांगत, "सर्दीखोकल्यासाठी ह्या रस्त्यानं दवाखान्यात गेलेला एक माणूस मी पाह्यला न्हाई." यात तसूभरही खोटं नव्हतं. त्यांनी खरोखरच पाहिला नव्हता.

सोनबा हा त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. वस्तीच्या टोकाला घर, दारात लिंबाचं झाड आणि एके काळच्या दोनशे मेंढरांतली उरलेली सहा. दोघे एकाच वर्षी चौथीत नापास झाले, एकाच वर्षी बोहल्यावर चढले आणि पुढची पन्नास वर्षं रोज संध्याकाळी एकाच बांधावर बसले. सोनबाला खोकला धरला तेव्हा आप्पांची सून अश्विनी म्हणाली होती, "आप्पा, सोनबानानांना डॉक्टरला दाखवा. दोन पावलं चालले की धाप लागतीय त्यांना." आप्पा म्हणाले होते, "आठ दिस माझा काढा घेऊ दे, मग बघू." रोज एक, अशा आठ बाटल्या त्यांनी स्वतः नेऊन दिल्या. नवव्या दिवशी सोनबा गेला.

वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. सोनबाची बायको गजराबाईसुद्धा तेच म्हणाली. पण सोनबाएवढंच वय आप्पांचंही होतं, आणि ते तर जेवणखाण करून हिंडत होते. मग फरक कशाचा, तर आठ बाटल्यांचा. अंघोळीला बसले, भाकरी मोडायला घेतली, की त्या बाटल्या ओळीने त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहात. आपण मित्राला मारलं, या विचाराने मोडलेली भाकरी ताटातच राहायची. आणि हे बोलायचं कुणापाशी? असलं काही बोलायचं तर ते सोनबापाशीच बोलायचे.

सावडून आल्यावर गजराबाई म्हणाली होती, "भाऊजी, दहाव्याला मोठ्या लोकांची भाषणं व्हतीलच. पर ह्यांच्याबद्दल दोन शब्द तुमी बोला." त्याच क्षणी आप्पांनी ठरवलं. दहाव्याला घाटावर, सगळ्या गावासमोर माईकवर सांगून टाकायचं. मग लोकांनी काय करायचं ते करावं.

आणि आता ही सर्दी. दहावा तीन दिवसांवर, आणि आवाज तर हवा.

डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, कारण तीस वर्षांचा शब्द. आणि स्वतःचा काढा घ्यायची हिंमत नव्हती, कारण सोनबा. तरी सवयीने त्यांनी काढा उकळला, त्याचा वास पार कालव्यापर्यंत गेला, पण पेला ओठाशी नेला आणि तसाच खाली घेतला. इकडेतिकडे बघून आप्पांनी पेला मोरीत रिकामा केला.

"घेतला का काढा?" अश्विनीने विचारलं.

"घेतला," आप्पा म्हणाले. काढ्याच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

आप्पांचा काढा आप्पांनाच लागू पडत नाही, हे दुपारपर्यंत वस्तीभर झालं. तिन्हीसांजेआधीच मंगल सहाणेवर उगाळलेलं वेखंड घेऊन हजर झाली. "तुमचा काढा तर हायेच, आप्पा. त्येच्या जोडीला हे कपाळाला." नको कसं म्हणणार? आजवर आप्पांनी कुणाचं 'नको' ऐकून घेतलं होतं? लेप जाड बसला. रात्रीतून कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत लाल पट्टा उठला.

त्या पट्ट्याची आग थांबावी म्हणून आठव्या दिवशी सकाळी शेजारच्या साळुबाईने कोरफडीचा गार गर थापला. गारव्याने डोकं जड झालं आणि नाक पार बंद झालं. ते उघडायला भागू निलगिरीचं तेल घेऊन आला. भागू डेअरीच्या दुधाची गाडी चालवायचा, आणि दूध सोडून दुसरी कुठलीही गोष्ट मापात करायची त्याला सवय नव्हती.

"दोन थेंब बास झाले, भागूभाऊ," अश्विनी म्हणाली.

"दोन थेंबानं कोंबडीची सर्दी जाईल, वैनी," भागू म्हणाला आणि त्याने निम्मी बाटली उकळत्या पातेल्यात उपडी केली.

आप्पा चादरीखालून बाहेर आले तेव्हा नाकाचं टोक सोललं होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या पुढचे दोन दिवस थांबल्या नाहीत. "बगा, कसं सगळं भायेर पडतंय," भागू समाधानाने म्हणाला.

नवव्या दिवशी साळुबाईने धुरीचा बेत काढला. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, हळद, लसणाची सालं आणि वरून घोंगडी. घोंगडी सोनबाने दिलेली होती, त्याच्याच मेंढरांच्या लोकरीची. तिच्या आत धुरात बसल्यावर आप्पांना वाटलं, आपल्याला हे असंच पाहिजे. ते घुसमटत, खोकत, डोळे पुसत बसून राहिले. साळुबाई बाहेरून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होती आणि आप्पा तिचं ऐकत होते. शेवटी अश्विनीनेच येऊन घोंगडी ओढली.

"आप्पा, कसं वाटतंय?"

आप्पांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मान हलली, पण आवाज काही आला नाही.

"झाली एवढी हौस पुरे. गाडी काढते, चला डॉक्टरकडं," अश्विनी म्हणाली. आप्पांनी ओट्याचा खांब धरला आणि मान जोरजोरात हलवली. चिठ्ठी लिहून कुणाला वाचायला द्यावी, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण आपला गुन्हा दुसऱ्याच्या तोंडून कबूल करायचा, हे त्यांना पटेना.

दहाव्याला घाटावर गर्दी झाली. कावळा लगेच शिवला, त्यामुळे सोनबाची कसलीही इच्छा मागे राहिलेली नाही असं सर्वांनी गृहीत धरलं. मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. एका पुढाऱ्याने दहा मिनिटांच्या भाषणात सात मिनिटं कालव्याच्या आवर्तनावर घालवली आणि उरलेल्या तिनात सोनबाचं नाव दोनदा चुकवलं. नंतर पुकारा झाला, "आता सोनबांचे बालमित्र कुंडलिकआप्पा दोन शब्द बोलतील."

आप्पा उठले. कपाळावर लाल पट्टा, नाकाचं साल निघालेलं, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. बायाबापड्या हळहळल्या. "मैतराच्या दुःखात काय दशा झाली बगा मानसाची," मागे कुणीतरी म्हणालं. आप्पांनी माईक हातात घेतला. घाटावर फक्त घरघर ऐकू आली. त्यांनी घसा खाकरला, दोनदा, तीनदा. घरघर तेवढी वाढली.

आता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळून चुकलं. माईक तसाच मुठीत धरून ते गजराबाईपाशी गेले, तिच्याजवळ खाली बसले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून कुजबुजले, "वैनी, सोनबाला मी मारला. माझ्या काढ्यानं."

"काढ्यानं?" गजराबाई म्हणाली. मेंढरांमागे हाका घालण्यात तिचा जन्म गेलेला, आवाज मुळातच खणखणीत. त्यातून आप्पांच्या मुठीतला माईक नेमका तिच्या हनुवटीखाली आला होता. घाटावर शंभर कर्ण्यांचा जोर आल्यासारखं झालं. "आवो भाऊजी, काढा घेतलाय कोनी? येक थेंब घेतला न्हाई त्यांनी. आठीच्या आठी बाटल्या ह्या हातानं लिंबाच्या बुडात वतल्या. पयली मेंढीफुडं ठिवली व्हती, तर मेंढीनं तोंड फिरवलं."

मग मागच्या रांगेत कुणाला तरी हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात दडवलं.

आप्पांना राग यायला हवा होता. पण त्यांच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की त्यांना आधी नीट श्वास घेता आला. दहा दिवसांत पहिल्यांदा. डोळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यात आता थोडं खरं पाणीही मिसळलं.

"ह्ये तर रोज फाट्याच्या दवाखान्यात सुई घ्यायला जायचे," गजराबाई त्यांची समजूत घालत पुढे सांगू लागली, आणि माईक इमानदारीत सगळ्यांना ऐकवत राहिला. "डॉक्टरनं गोळ्या बी दिल्त्या. हार्ट कमजोर हाय, जास्त चालू नका म्हनला व्हता."

आप्पांच्या भुवया वर गेल्या. ओठांनीच त्यांनी विचारलं, "कधी? मी न्हाई पाह्यला."

"तुमच्या दारावरून कसं जानार? तुमाला वाईट नसतं का वाटलं? कालव्याच्या कडंनं जायचे, लांबून. सगळेच तर तिकडनं जात्यात की."

आता मात्र हसू आवरेना. दहाव्याच्या घाटावर, पदर तोंडाला लावून, उपरणं डोळ्यांवर ओढून माणसं हसत होती. मंगलने मान खाली घातली. साळुबाई नदीकडे बघू लागली. भागू तर स्वतःच्या चपला पहिल्यांदाच पाहिल्यासारखा न्याहाळत होता.

"त्या दिशी बी कालव्यानंच आले," गजराबाईचा आवाज जरा उतरला. "बाजल्यावर बसले, पानी दे म्हनले. मी आत गेले, तेवढ्यात…" तिने पदर डोळ्यांना लावला.

हशात हे कितीजणांच्या कानावर गेलं कोण जाणे. आप्पांच्या गेलं. त्यांच्या दारावरून फाटा एक किलोमीटर. कालव्याच्या कडेने तीन. जास्त चालू नका, असं डॉक्टरने सांगितलेला माणूस आठ दिवस तेवढं जात होता आणि तेवढंच परत येत होता. का, तर ओट्यावर बसलेल्या मित्राला वाईट वाटू नये म्हणून. आप्पांनी माईक हळूच खाली ठेवला. आता कबूल करायला आवाज असता, तरी कुणी ऐकून घेतलं नसतं. लोकांच्या दृष्टीने ते निर्दोष सुटले होते.

चार दिवसांनी गजराबाईला खोकला लागला. आप्पा तिच्या कानाशी बोलले होते, त्यामुळे तो कुठून आला याची चौकशी करायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा तिच्या दारात उभे राहिले. आवाज निम्माशिम्मा परत आला होता. हातात बाटली होती.

गजराबाईने बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. घाटावर आपण काही बोललोच नव्हतो, असा तिचा चेहरा होता. "घेते हां भाऊजी. आत्ता चा झाला, मंग लगीच घेते."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. एवढं सगळं होऊनही ही बाई आपलं मन राखायला निघाली होती. त्यांनी बाटली तिच्या हातून परत घेतली, बूच काढलं आणि काढा लिंबाच्या बुडात ओतला. झाड चांगलं हिरवंगार होतं. हिरड्याचा गुण कुणाला तरी आला होता.

"चला," ते म्हणाले.

"कुठं?"

"फाट्याला. भागूची गाडी उभी केलीय."

गजराबाई घुटमळली. "कालव्यानं?"

"न्हाई. माझ्या दारावरनं."

दवाखान्यातल्या बाकावर मंगल बसली होती, कपाळाला बाम लावून. तिच्या शेजारी साळुबाई, नाकावर रुमाल धरून. आप्पांना दारात बघताच दोघी ताडकन उठल्या. "मी हिच्या सोबतीला आले," मंगल म्हणाली. "मी पन हिच्याच सोबतीला," साळुबाई म्हणाली. मागून आलेला भागू सरळ कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला. ती त्याची नेहमीची जागा असावी.

"बसा गं," आप्पा म्हणाले. "सरका जरा. वैनीला बसू द्या."

कंपाउंडरने आधी गजराबाईचं नाव लिहून घेतलं. मग आप्पांचं सोललेलं नाक बघून विचारलं, "बाबा, तुम्हालाही दाखवायचंय? पहिल्यांदाच आलात का?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "आधीच यायला पायजे व्हतं. सोनबाला घिऊन."

कंपाउंडरने चौदा नंबरचा बिल्ला त्यांच्या हातात दिला. आप्पा तो मुठीत धरून बाकाच्या टोकाशी बसले आणि आपला नंबर कधी येतो त्याची वाट बघू लागले.